रोटाच्या मुठी

द्रौपदाचं नाव निघालं की आमच्या गावातल्या बाया पदर डोळ्याला लावतात आणि "बिचारी" म्हणतात. मी कधी म्हटलं नाही. ती माझी धाकटी जाऊ, माझ्या दिराची, निंबाची बायको. मी तिच्यावर आयुष्यभर जळत आले. तुम्ही म्हणाल, लिलाबाई, मतिमंद पोर पदरात पडलेल्या बाईवर जळण्यासारखं काय असतं? तेच सांगायला बसलेय. दुसऱ्याला तोंडावर सुनावायची मला सवय आहे, आज स्वतःला सुनावते.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. द्रौपदाचा भटू जसा होता तशीच माझी सुगंधा होती. सुगंधा त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी. फरक एवढाच, की भटूचं साऱ्या गावाला माहीत होतं आणि सुगंधाचं मी कोणाला कळू दिलं नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

मी मूळची धुळ्याची, गल्ली नंबर पाचमधली. वडिलांचं शिवणाचं दुकान होतं. सातवी पास झाले आणि चौऱ्याहत्तर साली शिरपूरपासून तीन कोसांवरच्या ह्या गावात मला दिली. कपाशीचं गाव. माझ्या नवऱ्याला, देवचंदला, सही करण्यापुढे अक्षर लागत नव्हतं, त्यामुळे घरात आलेला कागद मीच वाचायची. गावातली अहिराणी मला समजायची, पण मी मुद्दाम शहरातलं बोलायची. अजून बोलते. माझ्यानंतर तीन वर्षांनी द्रौपदा आली, सातपुड्याच्या पायथ्याकडची. रंगानं सावळी, हाडापेरानं दणकट, शाळेचं तोंड न पाहिलेली. हसायची तर गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचं. मी मनात म्हटलं, चला, हिच्यापुढे आपण कधीही उजव्या.

त्याच वर्षी माझी सुगंधा झाली. गोरी, नाकीडोळी नीटस. पण वर्षाची झाली तरी बसेना. तीन वर्षांची झाली तेव्हा पहिलं पाऊल टाकलं, पाचव्या वर्षी "माय" म्हणाली. थोरला अभिमन दहाव्या महिन्यात घरभर धावत होता, त्यामुळे मला फरक लगेच कळला होता. कळला आणि मी तो गिळून टाकला.

पोरीला तेल लावायचं, दोन वेण्या घालायच्या, स्वच्छ झगा घालायचा आणि मधल्या घरात बसवायचं. कोणी आलं की मी म्हणायची, "लाजाळू आहे हो फार." कोणी नाव विचारलं की तिनं तोंड उघडायच्या आत मीच सांगायची. शाळेचे गुरुजी पटावर नाव घ्यायला आले, त्यांना मी बेधडक सांगितलं की पोर धुळ्याला मामाकडे शिकते. पोर आत सुपात गहू निवडत बसली होती. ते काम तिला कसं कोण जाणे, झकास जमायचं. तासन् तास बसायची, एक खडा सुटायचा नाही. लग्नकार्याला आम्ही सगळे निघालो की तिच्यापुढे सूप आणि गव्हाचा डबा ठेवायची आणि बाहेरून कडी लावायची. परत येईपर्यंत डबाभर गहू निवडून झालेला असायचा. पोरगी तिथेच लवंडून झोपलेली असायची.

आणि द्रौपदा? भटू एकोणऐंशी साली झाला. मान धरेना, तोंडातून लाळ गळायची, चार वर्षांचा झाला तरी बाईच्या कमरेवर. अशा पोराला घेऊन ही शेतात जायची, शिरपूरच्या बाजाराला जायची, लग्नात पंगतीला मांडीवर घेऊन बसायची. कोणी नवस सांगायचं, कोणी भगताचं नाव सांगायचं. कोणी तर तोंडावर म्हणायचं, असं पोर फार दिवस राहत नाही, जीव लावू नको. ही ऐकून घ्यायची आणि पोराला भरवत राहायची. एका लग्नात नवऱ्या मुलाच्या मावशीनं, ह्याला चारचौघांत आणतेसच कशाला म्हणून, नाक मुरडलं, "कसाले लई येस वं याले चार लोकेसमा?"

"मना आंडोर शे," द्रौपदा म्हणाली. "कथा दपाडू?"

माझा मुलगा आहे, कुठे लपवू, असं. माझ्याकडे बघून नव्हती म्हणाली ती. तिच्या मनातही नसेल. पण माझ्या घराला त्या वेळी बाहेरून कडी होती. मी हातातला घास पानात ठेवला. त्या दिवसापासून ती मला डोळ्यांपुढे नको व्हायला लागली.

आता कानबाईचं सांगते, कारण पुढचं सगळं तिथेच येऊन थांबतं. आमच्या खानदेशात श्रावणात, नागपंचमी झाली की रविवारी कानबाई देवी बसते. तिच्या रोटाचे गहू घरातली मोठी बाई मोजून घेते. शेर-पायलीनं नाही, मुठीनं. घरात जेवढे पुरुष, मग तो काठी टेकणारा असो की पाळण्यातला, प्रत्येकाच्या नावानं सव्वा मूठ. एक भरलेली मूठ आणि वर पाव. नाव घ्यायचं, ताटात टाकायची. तेच गहू दळून रोट, म्हणजे जाड पोळ्या, करायचे आणि ते भाऊबंदांतच खायचे, बाहेर कोणाला द्यायचे नाहीत. बायकांची मूठ नसते, पोरींची नसते. आमच्या घरी हे गहू निवडायची माझी सुगंधा आणि मुठी टाकायची सासू, भागाबाई.

शहाऐंशी साली सासूनं आबांची मूठ टाकली. आबा म्हणजे माझे सासरे, उखर्डू आबा. मग देवचंदची, निंबाची, अभिमनची टाकली आणि हात झटकले. भाऊबंदांतल्या पाच-सहा बाया बसल्या होत्या. द्रौपदानं विचारलं, "भटूनी?"

"राहू दे," सासू म्हणाली. "त्याले काय समजस?"

द्रौपदा उठली. मला वाटलं रडत आत जाईल. तिनं बाहेरून भटूला आणलं, ताटापुढे मांडीवर घेतलं, त्याचा वाकडा पंजा स्वतःच्या हातात धरून गव्हात खुपसला आणि त्याच्याच हातानं त्याची मूठ टाकली. निम्मे गहू खाली सांडले. "तो खास ना रोट? मंग त्यानी मूठ कसाले नही?" तो रोट खातो ना, मग त्याची मूठ का नाही, असं म्हणून तिनं सांडलेले गहू एकेक करून वेचले. आबा ओटीवरून म्हणाले, "बराबर शे तिनं." तेव्हापासून भटूची मूठ कधी चुकली नाही.

बाकीच्या बायांना तिचं कौतुक वाटलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. तिला भांडायला निदान एक मूठ तरी होती. माझ्या पोरीनं अख्ख्या घराचे गहू निवडले होते आणि तिच्यासाठी कोणाशी भांडायचं ठरवलं असतं तरी भांडायला काही नव्हतं. आणि खरं सांगू? असतं तरी मी भांडले नसते.

पुढच्या वर्षी शिरपूरच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं द्रौपदाला सांगितलं, की धुळ्याला देवपुरात प्रमिलाबाई म्हणून एक बाई अशा मुलांचा वर्ग चालवते. दोनच खोल्या आहेत, पण मुलं बसायला, बोलायला, आपल्या हातानं जेवायला शिकतात. मोठ्या डॉक्टरचा दाखला लागतो आणि आईनं बरोबर बसावं लागतं. सासू म्हणाली, येड्याला कसली शाळा. निंबा म्हणाला, कपाशी कोण वेचील? द्रौपदा म्हणाली, मी पहाटे वेचीन. दाखल्यासाठी ती तीनदा धुळ्याला गेली, तिन्ही वेळा पोराला कडेवर घेऊन. आठ वर्षांचं पोर, काय वजन असेल बघा! आणला दाखला.

मग दर सोमवारी आणि गुरुवारी ती सकाळच्या गाडीनं धुळ्याला निघाली.

धुळ्याला! माझ्या माहेराला! मला दोन-दोन वर्षं गल्ली नंबर पाच दिसत नव्हती. दिवाळीला न्यायला भाऊ आला तर आला. आणि ही डोंगराकडची बाई आठवड्यातून दोनदा माझ्या गावात हिंडून यायची. संध्याकाळी गाडीतून उतरली की चुलीपाशी बसून सांगायची. तापीचा पूल आला की भटू टाळ्या वाजवतो. गाडीतली माणसं त्याच्याशेजारून उठून जातात, तर बरंच झालं, आम्हाला ऐसपैस बसायला मिळतं. असं म्हणून हसायची. भटूनं आज शर्टाचं बटण लावलं. आज "दूध" म्हणाला. मी भाकरी थापत ऐकायची आणि एकेक भाकरी करपायची.

कहर म्हणजे ती एकदा माझ्या आईकडे जाऊन आली. गाडी चुकली म्हणून. आईनं तिला जेवू घातलं, भटूला मांडीवर घेतलं, माझ्यासाठी तिच्याबरोबर चोळीचा खण पाठवला. आणि पुढच्या दिवाळीला मी गेले तर आई म्हणते, "तुझी जाऊ किती गुणाची गं. किती सोसते, पण तोंडावरचं हसू जात नाही." मी म्हटलं, "आणि मी?" आई म्हणाली, "तुला काय झालंय?" मी काय सांगणार? सुगंधाला मी तिथेही नेली नव्हती. आईला मी सांगितलं होतं की पोर आजीला सोडून राहत नाही.

अजून एक सांगते. ती वाचायला शिकली. प्रमिलाबाई पोरांना पुठ्ठ्याची कार्डं दाखवायची, वर चित्र, खाली नाव. शेजारी बसून बसून हिलाही अक्षरं लागायला लागली. आधी गाडीची पाटी, मग दुकानांच्या पाट्या. घरी येऊन तिनं जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्याची तशीच कार्डं केली आणि दुपारी ओट्यावर भटूला घेऊन बसायची. माझी सुगंधा मधल्या घरातून सरकत सरकत तिथे जाऊन बसायची. मी हाक मारायची. ती यायची, आणि मी पाठ फिरवली की पुन्हा तिकडे. घरात वाचणारी मी एकटी होते, तेवढी एक माझी शान होती. ती पण हिनं वाटून घेतली.

एकोणनव्वदच्या आषाढात पोस्टकार्ड आलं. द्रौपदा शेतात होती. पोस्टमननं माझ्या हातात दिलं. प्रमिलाबाईचं अक्षर, गोल गोल. मला ते कार्ड अजून पाठ आहे.

"सौ. द्रौपदाबाई यांस. वर्गाच्या जागी मुलांच्या राहण्याची सोय होत आहे. भटूची जागा धरली आहे. तुमच्या जाऊबाईंच्या सुगंधाबद्दल तुम्ही सांगितलेत, तिच्यासाठीही एक जागा ठेवली आहे. मुलींना बारा वर्षांपर्यंतच घेता येते, तेव्हा उशीर करू नये. श्रावण लागण्याआधी दोघांना घेऊन या. तोवर बांधकामामुळे वर्ग बंद राहील."

वाचलं आणि माझ्या डोक्यात नुसती आग. हिनं सांगितलं! माझ्या पोरीचं हिनं जाऊन शहरभर सांगितलं! माझ्या माहेरच्या गावात! गल्ली नंबर पाचमध्ये उद्या कळेल की लिलाची पोर येडी आहे. आणि हिला कोणी विचारलं होतं? माझी पोर, माझं झाकणं, माझी मर्जी. आपलं एक शिकवून भागलं नाही, आता माझ्या पोरीचं पण भलं हीच करणार आणि गावभर नाव हिचंच होणार. पोरीच्या जागेचा विचार माझ्या मनात आलाच नाही असं नाही. आला. पण द्रौपदाच्या हातून मिळणारी जागा मला नको होती.

संध्याकाळी तिनं विचारलं, "अक्का, कागद उना म्हनतस. काय लिखेल शे?"

"वर्ग बंद आहे," मी सांगितलं. "बांधकाम चाललंय."

"कव्हयलोंग?"

"ते होईपर्यंत."

बघा, मी खोटं एक अक्षर बोलले नाही. शेवटची ओळ तेवढी वाचली. ती म्हणाली, दाखव ना, मलाही वाचता येतं आता. मी म्हटलं, चुलीत गेलं. तेवढं मात्र खोटं. जाळायला गेले होते मी, कार्ड विस्तवावर धरलंही होतं. पण त्यावर सुगंधाचं नाव होतं. बारा वर्षांत माझ्या पोरीचं नाव कोणी कागदावर लिहिलं नव्हतं, शाळेच्या पटावर नाही, कुठेच नाही. मला जाळवेना. मी ते रोटाच्या गव्हाच्या डब्यात तळाशी सारलं. कानबाईपर्यंत त्या डब्याला कोणी हात लावत नाही.

कोणी म्हणजे, माझ्या पोरीशिवाय कोणी नाही. पण पोर हिशेबात धरायची मला सवयच कुठे होती?

आषाढ गेला. श्रावण लागला, नागपंचमी झाली. शुक्रवारी सासूनं डबा काढून सुगंधापुढे ठेवला. मी न्हाणीत होते. अंगणात भाऊबंदांतल्या बाया आल्या होत्या, चौरंग धुणं, भांडी घासणं चाललं होतं. बाहेर येते तो सुगंधा पोस्टकार्ड हातात धरून द्रौपदापुढे उभी. तिला ते खेळातलं कार्ड वाटलं होतं, चित्र नसलेलं. "काकू, वाच," ती म्हणत होती. "वाच."

द्रौपदानं ओले हात लुगड्याला पुसले आणि कार्ड घेतलं. ती वाचायची अजून बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत. भटूचं नाव आलं तशी हसली. मग पुढे. "सु-गं-धा," ती मोठ्यानं म्हणाली. बायांच्या हातातली भांडी थांबली. "बा-रा व-र्षां..." मी तिथेच न्हाणीच्या दारात ओल्या केसांनी उभी. पुढे होऊन कार्ड हिसकावून घ्यावंसं वाटत होतं, पण एवढ्या बायांपुढे हिसकावणार कशी? ती पार शेवटपर्यंत वाचत गेली. "बंद" ह्या शब्दापाशी आली तेव्हा तिनं मान वर केली.

मला वाटलं आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी चार परत दिल्या असत्या, त्यात मी कोणाला हार जाणारी नाही.

"अक्का," ती म्हणाली, "श्रावण लागी गया ना."

मी म्हटलं, "माझ्या पोरीचं तू का सांगितलंस?"

"मनं राहू दे," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "सुगीनी जागा तू कसाले दपाडी?"

सासूला काही कळेना, बायांना सगळं कळलं. त्यांतली एक तर हळूच म्हणाली, की सुगीचं आम्हाला मागेच माहीत होतं, तुझ्या तोंडावर कोण बोलणार. म्हणजे कडी मी गावाला लावत होते आणि आत एकटी माझी पोर कोंडली जात होती.

कानबाई झाली आणि मंगळवारी पहिल्या गाडीनं द्रौपदा भटूला घेऊन निघाली. दारात येऊन म्हणाली, "सुगीले दे मनासंगे. मी इचारी येसू." मी पोरीच्या वेण्या घातल्या. भांग वाकडा पडला. मी येते म्हणाले नाही. माझ्याच्यानं प्रमिलाबाईपुढे उभं राहवलं नसतं. देवचंद मला त्या दिवशी एवढंच म्हणाला, "तुले वाचता येस, म्हनीसन आम्ही तुनावर भरोसा ठेवा." दुसरा नवरा असता तर हात उगारला असता. त्यापेक्षा ते परवडलं असतं.

संध्याकाळच्या गाडीला मी फाट्यावर जाऊन उभी राहिले. गाडी थांबली. आधी द्रौपदा उतरली, मग तिच्या हाताला धरून एक पोर. मी डोळे फाडून बघत होते, भटू की सुगंधा. सुगंधा होती.

"जागा भरी गई, अक्का," द्रौपदा म्हणाली. भटूची होती, तो पटावरचा होता म्हणून राहिली होती. सुगंधाची आठ दिवस वाट बघून दुसऱ्या गावच्या एका मुलीला दिली. आणि येत्या महिन्यात हिला बारा पूर्ण होत होती. प्रमिलाबाईचा काही दोष नाही, तिनं लिहून कळवलं होतं.

एवढं सांगून द्रौपदा तिथे फाट्यावरच्या दगडावर बसली आणि भटूची लाळ पुसायचं फडकं तोंडाला लावून रडली. दहा वर्षांत पहिल्यांदा ती पोराशिवाय घरी येत होती. आणि माझ्या मनात काय आलं सांगू? माझ्या मनात आलं, बरं झालं, आता तुझी कड रिकामी. माझ्या पोरीची जागा मी स्वतः घालवली होती, आणि त्या घडीलाही मला हे सुचलं.

पण ती काय रिकामी बसणारी बाई आहे? भटू महिन्यातून एकदा यायचा, मग तिचे सगळे मोकळे हात माझ्या पोरीला लागले. मी काही म्हणू शकत नव्हते, कुठल्या तोंडानं म्हणणार? धुळ्याला भटूला भेटायला गेली की प्रमिलाबाईकडून काय काय बघून यायची आणि ते सुगंधाला शिकवायची. बटण लावणं. वेणी घालणं. न सांडता पाणी ओतणं. काम संपलं की दोन्ही हात झटकायचे आणि "झालं" म्हणायचं, म्हणजे पोरांना कळतं की आता थांबायचं. मी बारा वर्षं माझ्या हातानं तिच्या वेण्या घातल्या होत्या, तिला घालू देणं मला कधी सुचलं नाही. मोजायला शिकवायला द्रौपदाला दोन वर्षं लागली. खारकेच्या बिया घेऊन बसायच्या दोघी. पाचपर्यंत आलं, मग सातला अडायचं, सात सोडून एकदम आठ. पावसाळा गेला, हिवाळा गेला. एके दिवशी ओट्यावरून द्रौपदाचं हसू गल्लीच्या टोकापर्यंत गेलं. सुगंधाला दहापर्यंत आलं होतं.

मी चुलीपुढे बसले होते. मला आनंद झाला, का नाही होणार? पण तो माझ्यापर्यंत येईतो उष्टा झाला होता.

सासू ब्याण्णव साली गेली. मोठी आता मी. चौऱ्याण्णवच्या श्रावणात भटू सणाला घरी आला होता, पंधरा वर्षांचा झाला होता. तिथे तो आता साच्यात खडू पाडायला शिकला होता आणि आल्याबरोबर आबांच्या पायांवर डोकं ठेवून, "राम राम," म्हणाला होता. सगळ्यांच्या तोंडी एकच, द्रौपदानं पोराचं सोनं केलं. मला वाटलं, आज ह्या बायांना दाखवते, माझ्या पोरीलाही काही येतं. शिकवलं कोणी का असेना, पोर माझी आहे.

अंगणात भाऊबंदांतल्या सगळ्या बाया बसल्या होत्या. मी ताट मांडलं, निवडलेल्या गव्हाचा डबा उघडला आणि मोठ्यानं म्हटलं, "आज मुठी सुगंधा टाकील."

कोणी नाही म्हणालं नाही. सतरा वर्षांची माझी पोर, चापूनचोपून लुगडं नेसवलेली, ताटापुढे मांडी घालून बसली. मूठ भरली, वर पाव घेतली. "एक. आबा." ताटात टाकली. "दोन. बा." "तीन. काका." "चार. अभिमन." एक दाणा खाली पडला नाही. "पाच. भटू," म्हणाली, तसा भटू टाळ्या वाजवायला लागला. "वं माय, इले मोजता येस!" बाया म्हणाल्या, आणि माझी मान अशी ताठ झाली, काय सांगू.

पाच पुरुष, पाच मुठी. मी ताट उचलायला हात पुढे केला. सुगंधानं पुन्हा डब्यात हात घातला.

"सहा," ती म्हणाली. मूठ भरली, वर पाव घेतली, नीट. "काकू."

टाकली ताटात.

बायकांची मूठ नसते हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. द्रौपदा भिंतीशी बसली होती, तिचा चेहरा पांढराफटक. "सुगी," ती घाईनं म्हणाली, "तुनी मायनी टाक ना. मायनी."

सुगंधानं माझ्याकडे बघितलं. माझा पुढे केलेला हात तसाच होता. तिनं बराच वेळ बघितलं. मग दोन्ही हात झटकले.

"झालं," ती म्हणाली.

बायांत कुजबुज सुरू झाली, की बाईची मूठ कशी चालेल, काढून ठेवा. मोठी मी होते. काढायची म्हटलं तर मीच काढायची होती, आणि देवाशपथ, माझा हात ताटापर्यंत गेला. पण कोणाची मूठ कुठली ते कसं ओळखणार, सगळे गहू एक झाले होते. "राहू द्या," मी म्हटलं, आणि ताट उचलून जात्याकडे गेले. द्रौपदा मागोमाग आली आणि माझ्यासमोर बसून तिनं खुंट्याला हात लावला. ती रडत होती. मी दळत होते. सुगंधाला दहापर्यंत मोजता येतं. ती सहावर थांबली.